एका मापाची पोलकी

देवासहून भावजींचा फोन आला तेव्हा मी पोलक्याला हूक लावत बसले होते. पोलकं ताईचंच, परत द्यायचं राहिलेलं. "उषा, गेली गं तुझी ताई..." एवढंच ते म्हणाले. त्याला आता महिना होत आला.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, पण दोघींचं माप एकच. लग्न होऊन मी धारला आले तरी माझा शिंपी देवासचाच राहिला. ताईनं माप दिलं की दोघींची पोलकी शिवून व्हायची. आम्ही दोघी आईच्या वळणावर गेलेल्या, काटकुळ्या. ताई रोज टेकडी चढून माताजींचं दर्शन घ्यायची आणि धापा टाकणाऱ्या शेजारणींना चिडवायची, "अंगावर मांसच नाही, तर रोग बसेल कुठे?" आम्हीही हसायचो. तिची काळजी करावी असं कुणाच्या मनातच आलं नाही.

पाळी गेल्यावर अंगातून वाफा निघायला लागल्या, तेव्हा तिनं डॉक्टरांच्या सल्ल्यानं काही काळ हार्मोनच्या गोळ्या घेतल्या. त्याच सुमारास मॅमोग्राफी झाली. "सब क्लियर आहे गं, एकदम बढिया!" फोनवर तिचा आवाज नुसता नाचत होता. भावजींनी पेढे वाटले. स्तन घन आहेत, म्हणजे डेन्स, सोनोग्राफीही करून घ्या, असं तिथल्या बाई म्हणाल्या होत्या. पण 'क्लियर' ऐकल्यावर पुढचं कोण ऐकतं? तिच्यासारख्या सडपातळ बाईला त्याची काय गरज, असं आम्ही सगळेच धरून चाललो.

पुढे गाठ हाताला लागली तोवर रोग पसरला होता. इंदूरच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. मॅमोग्राफीच्या फोटोत चरबी काळसर दिसते, घन भाग पांढरा, आणि गाठही पांढरीच. धुक्यात पांढरी गाय उभी असावी तशी. सोनोग्राफीत ती वेगळी दिसू शकते. बारीक अंगाच्या बायकांत हा घनपणा बहुधा जास्त, मूल न झालेल्यांतही जास्त. वयानं तो उतरतो, पण सगळ्यांचा नाही. गोळ्यांनी टिकून राहू शकतो, आणि बराचसा घराण्यातून येतो. हा घनपणा हाताला मात्र कळत नाही. ताईला मूलबाळ नव्हतं. एकेक कारण ऐकून ती मान हलवत होती... मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं बाई, ही तो बिल्कुल माझ्यासारखी आहे!" स्वतःचं सोडून तिला माझी धास्ती पडली होती. मला तर तिचा रागच आला.

शेवटच्या भेटीत तिनं माझा हात सोडला नाही. "क्लियर बोलले तरी उठायचं नाही. सोनोग्राफी मागायची. कसम खा."

"खाल्ली गं बाई," मी म्हटलं.

गेल्या आठवड्यात ते हूक लावलेलं पोलकं घालून मी इंदूरला गेले. मॅमोग्राफी झाली. "सब क्लियर है आंटीजी, जाइए." मी बसूनच राहिले. "डेन्स है क्या?" विचारलं. "हाँ, काफ़ी है."

"तो सोनोग्राफी भी कर दीजिए. मेरी बहन ने बोला है."

आडवी झाले. अंगावर गार जेल, समोरच्या खुंटीला ताईचं पोलकं. थोड्या वेळानं बाई म्हणाल्या, "कुछ नहीं है." एवढंच काम होतं... एवढंच. मला हुंदका आवरेना. बाईंनी हात देऊन उठवलं. मी पोलकं अंगावर चढवलं. अगदी बरोबर बसलं.