बसून पाहायची झांकी

मिल बंद झाल्यानंतरच्या दुसऱ्या डिसेंबरात बाबांना कॅथेड्रलमध्ये काम मिळालं. बाबा मिलमध्ये वायरमन होते. वस्तीत मात्र त्यांची ओळख होती ती झांकीचे दिवे करणारा माणूस म्हणून. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरच्या मिल आपापल्या झांक्या काढत. ट्रॉलीवर हलते देखावे, त्यांच्याभोवती हजारभर दिवे, आणि राजवाड्यापर्यंत दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसं. मिल बंद झाल्यावर बाबांनी पक्कड आणि टेस्टर एका पिशवीत घालून पिशवी माळ्यावर टाकली होती. दीड वर्ष ती खाली आली नव्हती.

कॅथेड्रलचे फादर स्वतः आमच्या घरी आले. त्यांनी झांकी पाहिली होती. कला महाविद्यालयातली मुलं ख्रिस्ताच्या आयुष्यावर सात चित्रं रंगवत होती. दीड पुरुष उंचीची ही चित्रं कॅथेड्रलच्या खांबांमध्ये टांगायची, हिंदी निवेदनाची कॅसेट वाजवायची आणि अंधारात एकेका चित्रावर उजेड टाकायचा, असा लाइट अँड साउंडचा कार्यक्रम त्यांना नाताळच्या आधीच्या रविवारी करायचा होता.

"मिस्त्रीजी, आपकी झांकी में रथ चलता था. यहाँ सिर्फ़ रोशनी चलेगी. कर पाएँगे?"

"हो जाएगा," बाबा म्हणाले.

"आधी ऐकून तर घ्या पूर्ण," आई आतून म्हणाली. पण बाबा तोवर स्टूल घेऊन माळ्याखाली उभे होते.

अडचण एकच होती आणि फादरनी ती लपवली नाही. चर्चच्या समितीतल्या काहींना राजवाड्याजवळचा एक डेकोरेटर हवा होता. त्याच्याकडे बाहेरून आलेले फिरते रंगीत लाइट होते. त्या वर्षी शहरात केबल आली होती, चौकाचौकात एसटीडी बूथ उघडले होते, आणि ते लाइट प्रत्येक लग्नात दिसत होते. ठरलं असं, की शुक्रवारच्या रिहर्सलमध्ये बाबांचं काम पटलं नाही तर डेकोरेटरला बोलवायचं.

मी तेव्हा एका हिंदी दैनिकात शिकाऊ वार्ताहर होते. शुक्रवारी ऑफिसमधून सुटून थेट तिथे गेले. बाबांनी झांकीचा रोलर आणला होता: लाकडी रूळ, त्यावर ठोकलेल्या तांब्याच्या पट्ट्या आणि शेजारी पत्र्याची बोटं. मोटर रूळ फिरवते, पट्टी बोटाला टेकली की तो दिवा लागतो, पुढे गेली की विझतो. मदतीला त्यांचा मित्र होता, मिलच्या लूम खात्यात, मागांवर, वीस वर्षं काढलेला. आम्ही त्याला काका म्हणायचो. तो इंदुरी पद्धतीने सगळ्यांना भिया, म्हणजे भैया, म्हणायचा, फादरनासुद्धा.

बटण दाबलं आणि कॅथेड्रल पेटलं. कमानींवरून लाल-हिरव्या रांगा धावल्या, सातही चित्रं एकामागून एक लखलखली, वेदीभोवती चक्र फिरलं. चाळीस सेकंदांत सगळं दाखवून झालं आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू झालं. कॅसेटवरचं निवेदन अजून पहिल्या चित्राच्या पहिल्या वाक्यावर होतं.

फादर हळूच म्हणाले, "मिस्त्रीजी, सुंदर है. लेकिन यहाँ लोग बैठे रहेंगे. चौंतीस मिनट."

बाबांना चूक कळली. झांकी एका माणसासमोरून जेमतेम चाळीस सेकंदांत निघून जाते. तेवढ्यात सगळं दाखवावं लागतं, एकही दिवा बंद ठेवून चालत नाही. बाबांनी आयुष्यभर जाणाऱ्या झांकीचे दिवे केले होते. बसलेल्या माणसासाठी कधी केले नव्हते.

समितीने शनिवारी दुपारी बारापर्यंतची मुदत दिली.

काकाला घेऊन घरी आल्यावर ते भिंतीला टेकून बसले. मग मला म्हणाले, "फादरनी दिलेले निवेदनाचे कागद तुझ्याकडे आहेत ना? वाच. घड्याळ लावून वाच."

मी ऑफिसमधून आणलेला न्यूजप्रिंटचा लांब पट्टा त्यांनी जमिनीवर पसरला. मी वाचत गेले, आणि जिथे उजेड बदलायला हवा तिथे ते खूण करत गेले. झांकीत हजार दिवे होते. पट्ट्यावर खुणा झाल्या एकवीस.

"एकवीसच?" काकाने विचारलं.

"एकवीसच. बाकी अंधार."

"भिया, अंधाराला आपली गरज काय? तो तर मिलमध्ये फुकट आहे."

बाबा हसले. त्या दीड वर्षात मी त्यांना मोठ्याने हसताना पाहिलेलं मला आठवत नाही.

मोटर एवढी हळू फिरणार नव्हती. काका उठून घरी गेला आणि लूमचं एक दातेरी चाक घेऊन आला. लूमवर ते एकेक दात पुढे सरकून कापड गुंडाळतं. त्याच्या घरी ते लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवलेलं असायचं.

"हे मिलने दिलं की तू उचललंस?" बाबांनी विचारलं.

"मी कुठे उचललं? माझ्यामागे चालत आलं."

मोटर काढून रुळाला ते चाक आणि एक दांडा बसवला. दांडा ओढला की रूळ एक दात पुढे; एक दात, एक खूण. दांडा काकाच्या हातात, कान कॅसेटकडे.

शनिवारी दुपारी समितीला सहा चित्रं पटली. सातवं पुनरुत्थानाचं होतं, वेदीच्या बाजूला, आणि तिथे बाबांनी एकही दिवा लावला नव्हता.

"इथे तर काहीच होत नाही," समितीतले एक जण म्हणाले.

वेदीच्या मागे रंगीत काचांची उंच खिडकी होती. बाबांना तिच्या बाहेर, आवारात, खाली-मध्ये-वर असे तीन हॅलोजन लावायचे होते. झांकीत रंगीत पन्नीच्या, म्हणजे जिलेटीन कागदाच्या, मागे दिवा ठेवतात, तसंच. पण दुपारी उन्हानेच खिडकी उजळलेली होती. दाखवता येण्यासारखं काही नव्हतं. बाबा एवढंच म्हणाले, "अंधार पडल्यावर दिसेल." फादरनी खिडकीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि डेकोरेटरला नको म्हणून कळवलं.

रविवारी संध्याकाळी सात वाजता कॅथेड्रल भरलं. मला वार्ताहर म्हणून पहिल्या रांगेत खुर्ची होती, पण मी बाजूच्या दाराशी जमिनीवर बसले. हॅलोजनच्या बटणांशी बाबा बाहेर होते आणि तिथे कॅसेट ऐकू येत नव्हती. म्हणून काकाने सुताची दोरी वळली होती. तिचं एक टोक बाबांच्या मनगटाला, दुसरं माझ्या हातात, मधे दाराची फट. शेवटचं वाक्य संपलं की मी ओढायची.

सहा चित्रं आली आणि गेली. एकाही बाकाची कुरकुर ऐकू आली नाही. उजेड विझला की लोक अंधारात पुढच्या चित्राची जागा शोधत, आणि तो भलतीकडेच लागे. माझ्या मागे एक बाई दर वेळी "हाय!" म्हणत होत्या.

शेवटचं वाक्य संपलं. पूर्ण अंधार. मी दोरी ओढली. काही झालं नाही. पुन्हा ओढली. दोरी हललीच नाही. थंडी येते म्हणून कोणीतरी बाहेरून दार घट्ट लावलं होतं आणि दोरी त्याखाली अडकली होती. मी खांद्याने दार ढकललं. ते बोटभर सरकलं. सगळा जोर लावून दोरी ओढली.

खिडकी खालून उजळली. आधी निळा, मग लाल, मग सगळ्यात वर पिवळा. सातव्या चित्रावर तो रंग तिरका सांडला. लोक उभे राहिले. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कोणाला कळत नव्हतं, मग त्या वाजल्या, आणि बराच वेळ थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी बातमीत "शेवटचा दहा सेकंदांचा परिणामकारक अंधार" असं लिहिलं. ते खोटं नव्हतं.

मी धावत बाहेर गेले. बाबा हॅलोजनशी उभे होते. त्यांच्या मनगटावर दोरीचा वळ उठला होता.

"हात कापला जाईल असं ओढलंस! खिडकी लागली का बरोबर?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ज्याने खिडकी लावली त्यानेच ती पाहिलेली नव्हती. मी आत जाऊन फादरना सांगितलं आणि दोरीचं आतलं टोक काकाच्या हातात दिलं. त्यांनी लोकांना पाच मिनिटं बसून राहायची विनंती केली. मी बाबांच्या मनगटावरची दोरी सोडून माझ्या हाताला बांधली.

"जा आत. बसा."

"कुठे?"

"पहिल्या रांगेत. माझी खुर्ची रिकामी आहे."

हॅलोजन विझवले. मी थंडीत बटणांवर हात ठेवून उभी राहिले. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. मग काकाने ओढलेली दोरी हाताला लागली. पहिलं बटण. चार मोजले. दुसरं. चार. तिसरं. आतून टाळ्यांचा आवाज आला.

बाबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पक्कड होती.

"वरचा हॅलोजन अर्धा हात डावीकडे हवा," ते म्हणाले. "पिवळा चित्राच्या बाहेर जातोय. मी टेबलावर चढतो, तू ते धर जरा."