पहिल्या तिघांतली

“इथेही तुमच्यासाठी कोटा काढला का?”

काकू हसत म्हणाल्या. हातात समोशांची प्लेट, हॉलमध्ये पंधरा-वीस मराठी माणसं. लंडनच्या इल्फर्डमधलं त्यांचं घर. मी सतरा वर्षांची. माझी आई हॉस्पिटलमध्ये वॉर्ड साफ करते, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. आमची जातही.

झालं होतं एवढंच. एका मोठ्या युनिव्हर्सिटीने आमच्या सरकारी शाळेला कळवलं होतं, ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला, शाळेत पहिल्या तिघांत या, जागा पक्की. त्याआधी आमच्याकडून तिथे कुणी अर्जच करत नसे. आपल्याला कोण घेणार, हे आम्हीच ठरवून टाकलेलं. पत्र आलं आणि वर्गातल्या नऊ जणांनी फॉर्म उघडला. त्यात मी.

काकूंचा मुलगा महागड्या प्रायव्हेट शाळेत.

“ह्याने एवढी मेहनत करायची,” काकू म्हणाल्या, “आणि जागा नेणार हे लोक.”

हे लोक. आई समोरच बसलेली.

आणि मी हसले. काकूंना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

घरी येऊन फॉर्ममधून त्या युनिव्हर्सिटीचं नाव काढून टाकलं. आईला म्हटलं, “मला फुकटची जागा नको.”

आईने अंगातला कोटही काढला नव्हता.

“फुकट? त्यांच्या पोराला शिकवायला घरी मास्तर येतात, ती मेहनत. आणि तुझे मार्क फुकट?” मग हळू म्हणाली, “तिथं हसलीस का गं? गावाकडं बाई मला वर्गाबाहेर बसवायच्या, तेव्हा मीपण अशीच हसायचे.”

अंगाची आग झाली. नाव परत टाकलं. अर्ज त्याच दिवशी पाठवला. वर्षभर पेटून अभ्यास केला. शाळेत दुसरी आले.

दोन वर्षांनी काकूंचा फोन. “धाकटीचा अर्ज बघून देशील का गं? तू तर आता तिथलीच.”

“नाही देणार.”

“अगं, आपण मराठी माणसं...”

“त्या दिवशी आम्ही ‘हे लोक’ होतो, काकू.”

फोन ठेवला. छान वाटलं. खोटं कशाला बोलू?

आता दर ऑक्टोबरला मी माझ्या शाळेत जाते. क्लीनरच्या, बस ड्रायव्हरच्या मुली फॉर्मसमोर कचरतात. मी त्यांना उठू देत नाही. पहिल्या तिघी जातीलच. चौथ्या नंबरच्या मुलीनेही अर्ज करायचा, दहाव्या नंबरच्याही. गॅरंटी नसली तरी करायचा. काकू, ज्या जागा तुम्ही जन्मतःच आपल्या धरल्यात, त्यातल्या एकेका जागेसाठी तुमच्या मुलांना आता आमच्याशी भिडावं लागेल.