गोट्यांच्या रिंगणाचा चौकीदार

हिंगण्याच्या रस्त्याले लागून जुन्या काळच्या मोठाल्या गोट्यांचं, म्हंजे दगडाईचं, रिंगण हाय. बहात्तर साली सरकारनं तिथं पाटी ठोकली अन् लटारीले चौकीदार नेमलं. आत ढोर दिसलं त नोकरी गेली, असं साहेब बजावून गेला.

पोळ्याले लटारी चौकीवर, म्हणून त्याची बायको भागरताच सजवलेली बैलजोडी घेऊन आली. रिंगणात बैल फिरवल्याबिगर त्याईच्या गावचा पोळा होतच नसे.

"मांगं फिर वं! पाटी वाच!"

"मले कुठं येते वाचता? बैलाईले येत असंन त त्याईले सांग."

"नोकरी जाईन न माही!"

"अन् वर्षभर बैलाईले तोंड कोन दाखवन?"

लटारीनं खाकी सदरा काढून पाटीवर अडकवला अन् कासरा धरून फेरा घातला. मग सदरा चढवून खेकसला, "शेण उचल वं पह्यले!"