कुंभारीण आणि पिवळी वायर

मुरबाडच्या त्या ऑफिसात पहिल्याच दिवशी माझं डोकं सटकलं. नेटवर्क बसवून द्यायला मला दहाची वेळ दिलेली. मोटरसायकल गॅरेजला होती, म्हणून किन्हवलीहून एसटीनं धडपडत साडेनऊला पोचलो. आणि ज्यांनी बोलावलं ते भाऊसाहेब उगवले पावणेबाराला. हे तिथले हेडक्लार्क. साहेब वर कुठेतरी असायचे, पण ऑफिस चालायचं ते भाऊसाहेबांच्या भुवईवर. आल्या आल्या त्यांनी मलाच विचारलं की अजून कामाला सुरुवात कशी नाही. मी म्हटलं, खोलीची किल्ली तुमच्या खिशात आहे. तिथून आमचं जे बिनसलं ते बिनसलंच.

काम तसं सरळ होतं. चाळीसेक कॉम्प्युटर, त्यांना एकमेकांशी जोडणारं जुनं खोकं मरणपंथाला लागलेलं, त्याच्या जागी तीन नवे हब एकावर एक बसवायचे. त्याला आता स्विच म्हणतात हे मला माहीत आहे. आमच्या मुरबाड-शहापूर दोन्ही तालुक्यांत आजही हबच म्हणतात आणि मीही तेच म्हणतो. कुणी दुरुस्त करायला आलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

हब ठेवायच्या लोखंडी रॅकसाठी मी जी भिंत धरली तिच्यावर देवांच्या तसबिरी होत्या. देवाखाली लोखंडाची पेटी नको म्हणाले भाऊसाहेब. त्यांच्या केबिनच्या भिंतीला लावू म्हटलं, तर हबमधल्या पंख्यांच्या आवाजानं डोकं उठेल म्हणाले. शेवटी राहिली दाखल्यांच्या खिडकीमागची भिंत. तिथे कॉम्प्युटर ऑपरेटरचं टेबल होतं. तिचं डोकं उठलं तरी चालणार होतं.

ही ऑपरेटर म्हणजे वैशाखरे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरची मुलगी. पंचविशीतली असेल. घरची नाचणी-भाताची शेती. पाड्यावरून खुर्चीत बसून काम करणारी ती पहिलीच. रोज माळशेजच्या रस्त्यानं एसटी धरून मुरबाडला यायची. नोकरी अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. अकरा महिने भरले की भाऊसाहेब कागदावर शेरा मारणार, शेरा बरा असला तर पुढची ऑर्डर, नाहीतर घरी. तिचे अकरा महिने महिन्याभरात भरणार होते. हे सगळं मला चहाच्या टपरीवरच कळलं, कारण त्या ऑफिसात कुणाच्या पोटात काही राहत नाही.

रॅक तिच्या कानाशी येणार म्हटल्यावर ती उठून उभी राहिली आणि नको म्हणाली. दिवसभर ही घरघर कोण ऐकणार, खिडकीपलीकडच्या म्हाताऱ्यांचं बोलणं आधीच ऐकू येत नाही, असं तिचं म्हणणं. रास्त होतं. पण मी आधीच तापलेलो. तुम्हाला एसी केबिन हवी असेल तर तसा अर्ज करा, असं मी चारचौघांत तिला ऐकवलं. ती गप्प बसणारी नव्हती. म्हणाली, अर्ज करायला माझा कॉम्प्युटर चालू लागेल, तेवढं आधी करा. भाऊसाहेब हसले. ते हसणं माझ्यावर होतं, आणि राग मी धरला तिच्यावर.

तरीही दिवसभर माझ्या कामाकडे बघणारी तीच एकटी. तीन हब एकावर एक बसवले की पाठीमागून जाड आखूड वायरींनी जोडतात. वरचा मधल्याला, मधला खालच्याला, आणि खालचा परत वरच्याला. मग ते तीन राहत नाहीत, एक होतात. तिनं विचारलं, खालचं परत वरच्याला कशाला? प्रश्न चांगला होता. इतक्या वर्षांत एकाही हेडक्लार्कनं मला तो विचारला नव्हता. नीट उत्तर द्यायला काय जात होतं माझं? पण मी वायरीवर वाकलेल्या मानेनं, तिच्याकडे न बघता, गुरकावलो.

"गोल पुरा करायचा म्हणजे करायचा. टोक कधी लोंबतं ठेवायचं नाय."

पाठीमागच्या त्या जाड वायरींचा गोल पुरा करायचाच असतो. एखादी तुटली तरी दुसऱ्या बाजूनं काम चालतं. पुढच्या बाजूच्या साध्या वायरींचा गोल मात्र कधीही होऊ द्यायचा नसतो. हे दुसरं वाक्य मी बोललोच नाही.

जुनं खोकं काढलं तर त्याच्या दोन पोर्टमध्ये, म्हणजे वायर खोचायच्या भोकांत, माती. कुंभारीण. ती काळी-पिवळी माशी, कुलूप म्हणू नका, भिंतीतली खुंटीची जागा म्हणू नका, दिसेल त्या छिद्रात ओली माती आणून घर बांधते. आमच्याकडे कुंभारीण नाही असं ऑफिस नाही. मी स्क्रू ड्रायव्हरनं ती माती खरवडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ऑपरेटरला बजावलं की पोर्ट उघडे ठेवायचे नाहीत, माती गेली तर नवा हब बाद होईल आणि जबाबदारी खिडकीमागच्या माणसाची. रिकाम्या पोर्टवर लावायची रबरी टोपणं हबबरोबर आली होती. पाकीट माझ्या पिशवीत होतं. नंतर लावू म्हणून तिथेच राहिलं.

संध्याकाळी सगळं चालू केलं. एकेक कॉम्प्युटर जोडला जायला अर्धं मिनिट घेत होता. ते तसंच असतं. कुठे चुकून गोल झालाय का हे हब आधी तपासतो आणि मगच वाट मोकळी करतो. भाऊसाहेबांना ते अर्धं मिनिट सोसवेना. नवीन माल आणून जुन्यापेक्षा हळू, हे काय काम आहे, म्हणून त्यांनी तोंड सोडलं. मी पण चिडलो, ती तपासणीच बंद करून टाकली. लगेच सगळं धडाधड चालू. घ्या. तेवढ्यात बाहेर शहापूरच्या एसटीचा हॉर्न वाजला. ती शेवटची नव्हती, पण मला तिथे एक मिनिट जास्त थांबायचं नव्हतं. एसटी सुटेल म्हणत पिशवी उचलली. चाचणीसाठी लावलेली पिवळी वायर मधल्या हबला तशीच राहिली. एक टोक आत, एक लोंबतं.

तीन आठवड्यांनी फोन आला. मी शहापूरला एका दुकानाच्या माळ्यावर, शिडीवर उभा. भाऊसाहेब तिकडून कडाडत होते. कालपासून ऑफिस ठप्प, भरतीचे अर्ज सुटलेत, दाखल्यांसाठी पोरं रस्त्यापर्यंत उभी आहेत, आणि तुमचे नवे हब नुसते डोळे मिचकावतायत. माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं की मला दुसरं काही सुचत नाही. माझं काम ठीक आहे, कुणीतरी हात लावला असणार, त्या तुमच्या ऑपरेटर बाईंना विचारा, असं मी फोनवर म्हणालो. ते एकदम शांत झाले. एवढे शांत की तिथेच मला कळायला हवं होतं. म्हणाले, हेच जरा लेखी पाठवा.

मी शिडीवरूनच टाइप केलं. ऑपरेटरनं वायरींना हात लावल्यामुळे नेटवर्क बंद पडलं आहे. हब डोळ्यांनी पाहिलाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मोटरसायकल काढून गेलो. ओसरीवर पोरांची रांग, सगळ्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशव्यांत कागद, आणि सगळे एकमेकांवर खेकसत होते. आत ती आपल्या टेबलापाशी उभी होती, पर्स खांद्याला लावून. खुर्चीवर बसू नका असं तिला सांगितलं होतं. माझा मेसेज छापून, शेऱ्याला जोडून, कागद सकाळीच वर गेला होता. भाऊसाहेबांना बहुधा ती खुर्ची त्यांच्या ओळखीतल्या एकासाठी हवी होती. मी त्यांच्या हातात काठी आयती दिली होती.

रॅक उघडला. तिन्ही हबचे सगळे दिवे एकदम, एकाच तालात लुकलुकत होते. असं झालं की गोल झालेला असतो. एकाच खोक्यातून निघालेला निरोप वायरीतून फिरून त्याच खोक्यात येतो, पुन्हा निघतो, पुन्हा येतो, आणि खऱ्या कामाला वाटच उरत नाही. शोधायला वेळ लागला नाही. पिवळी वायर. एक टोक मी लावलं होतं तिथेच, दुसरं टोक शेजारच्या पोर्टमध्ये, अगदी नीट, टक आवाज होईस्तोवर दाबलेलं. त्याच्या पलीकडच्या पोर्टमध्ये कुंभारणीची ओली माती. तिथून पुढच्या पोर्टांत कागदाच्या घड्या करून बसवलेल्या. माझ्याकडची टोपणं नव्हती, म्हणून बाईनं कागद खोचले होते. आणि लोंबतं टोक लोंबतं ठेवलं नव्हतं.

मी वायर उपसली. दिवे आपापल्या तालात आले, खिडकीत कुणीतरी ओरडलं की चालू झालं. भाऊसाहेबांनी विचारलं, काय होतं?

"वायर चुकीची लागली होती," मी म्हणालो.

"कुणी लावली?"

"मी लावली," ती म्हणाली. आणि माझ्याकडे बघत राहिली.

आता पुढचं वाक्य माझं होतं हे मला कळत होतं, तिला कळत होतं, कदाचित भाऊसाहेबांनाही कळत होतं. मी पिशवीतून चिमटा काढला आणि पोर्टमधली माती टोकरत बसलो. फार बारकाईनं टोकरली. मातीचा शेवटचा कण निघेपर्यंत ती तिथून गेलेली होती.

बाहेर पडलो तर ती पायऱ्यांवर. भांडायचा सूर नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, मी भांडलो असतो.

"वायर मी लावली, ते मी सांगितलं. लावायला कुणी सांगितलं होतं, ते तुमी सांगायचं होतं."

आठवडाभर मी तिच्यावरच धुमसत होतो. न कळणाऱ्या गोष्टीला हात लावायचाच कशाला? फोन करून विचारता येत नाही? मनातल्या मनात मी तिला इतकं बोललो की घरात माझ्याशी कुणी बोलेना. मग एके दिवशी पिशवीतून वायरींची टोकं दाबायची क्रिम्पिंगची पक्कड काढताना हाताला ते रबरी टोपणांचं पाकीट लागलं. न फोडलेलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच दुपारी मी सगळं कागदावर लिहिलं. तपासणी मी बंद केली, टोपणं मी लावली नाहीत, वायर मी सोडली, टोक लोंबतं ठेवू नका असं मीच सांगितलं. खाली सही केली आणि मुरबाडला जाऊन कागद भाऊसाहेबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. मग कपाटातून माझा जुना मेसेज काढला, त्याच्या शेजारी ठेवला, आणि म्हणाले, हेही तुमचंच लेखी आणि तेही तुमचंच, आम्ही कुठलं खरं धरायचं? नव्या माणसाची ऑर्डर निघाली होती. तो खिडकीमागे बसून पोरांवर ओरडत होता. मीही भाऊसाहेबांवर ओरडलो, खुर्ची ढकलली, नाही नाही ते बोललो. त्यांनी शांतपणे दोन्ही कागद एकाच फायलीत लावले. त्यानंतर त्या ऑफिसची पायरी मी चढलो नाही.

पण तिच्याकडे जायलाच हवं होतं. वैशाखऱ्याच्या पुढे रस्ता सोडून चढ चढला की तो पाडा. घर शोधत फिरावं लागलं नाही. नोकरी गेलेली मुलगी कुठली, हे सगळ्या पाड्याला माहीत होतं. ती अंगणात खाली बसून वरीचे दाणे पाखडत होती. सूप थांबलं नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कागद लिहून दिला, चूक माझी होती, भाऊसाहेबांनी ऐकलं नाही, साहेबांकडे वर जायचं असेल तर मी येतो. तिनं सूप थांबवून विचारलं, कागद कधी लिहिलात? मी वार सांगितला. ती म्हणाली, माझी ऑर्डर त्याच्या आदल्या दिवशी संपली. मग सूप पुन्हा हलायला लागलं.

आमच्याकडे दारात आलेल्याला, तो वसुलीला आलेला का असेना, आधी पाणी विचारतात. माझ्या उभ्या आयुष्यात मला कुणी बिनपाण्याचं परत पाठवलेलं नाही. तिची आई घरातून तांब्या घेऊन आली. कोण आलंय हे तिला बहुतेक माहीत नव्हतं, ती माझ्याकडे बघून हसली सुद्धा. मी हात पुढे केला.

"नको गो आये," ती सुपावरची नजर न काढता म्हणाली. "त्यांना घाई असते. त्यांची एसटी सुटंल."

माझी मोटरसायकल अंगणात, आम्हा तिघांच्या समोरच उभी होती. आईनं मोटरसायकलकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तांब्या तसाच भरलेला घेऊन आत गेली.