मोहाखालचा अबोला

आंबागडच्या जंगलात आमच्या घराची मोहाची दोन झाडं. कागदोपत्री नव्हेत, पण कोणत्या घराने कोणत्या झाडाखाली फुलं वेचायची हे गावात ठरलेलं. त्या उन्हाळ्यात जास्त गळणाऱ्या झाडावरून मोठ्या जाऊबाईंचं आणि माझं चांगलंच वाजलं. त्या रागारागाने दूरच्या झाडाखाली गेल्या आणि माझ्याशी बोलणंच टाकलं. मीही काही कमी नव्हते. म्हटलं, बसा फुगून.

झुडपांमुळे वेचणाऱ्या बायका एकमेकींना दिसत नाहीत. म्हणून मधूनमधून हाक मारायची आणि पलीकडून ‘ओ’ द्यायची, अशी आमच्याकडे रीत. त्या सकाळी जाऊबाईंची ओ येत नव्हती आणि त्याचं कुणाला नवलही वाटत नव्हतं.

एकाएकी वरचं वानर खाकरल्यासारखं भुंकलं. फुलं खायला आलं मेलं, म्हणून मी ढेकूळ उचललं, तर माझ्याशेजारी वेचत असलेल्या सासूबाईंनी माझं मनगटच धरलं.

“मारू नोको. तो कोनीकडे पाहून राहिला ते पाह्य.”

सगळी वानरं शेंड्यावर, तोंडं एकाच दिशेला. नाल्यापलीकडची चितळं शेपट्या उभारून थांबलेली, त्यातलं एक पाय आपटत होतं. मागच्यांना काय दिसणार होतं? पण पुढच्यांचं पाहून तीही तिकडेच बघत होती. तिकडे जाऊबाईंचं झाड होतं.

“ताई! ओ ताई!” मी ओरडले. काही नाही. सासूबाईंनी हाक मारली. तरी काही नाही. अबोला की आणखी काही, कळायला मार्ग नव्हता. मी टोपली बडवत, बोंबलत धावत सुटले.

जाऊबाई वाकून वेचत होत्या. त्यांच्या पाठीमागच्या पाचोळ्यातून वाघ उठला. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सावकाश निघून गेला. इतका जवळ! हातातली टोपली फेकली असती तर त्याला लागली असती.

जाऊबाईंनी वळून त्याची जाती पाठ पाहिली.

“वानर भुकत होते, ते आयकलं मी,” त्या म्हणाल्या. “वाटलं, तूच हाकलून राहिली.”

“अन् माही हाक?”

त्यांनी माझा खांदा घट्ट धरला.

“तेही आयकली व. पहिलीच आयकली.”