सापडल्याची तारीख

सातपूरच्या ज्या कारखान्यात मी सतरा वर्षं कॉम्प्युटर सांभाळतो आहे, तिथे सायबर सुरक्षा म्हणजे मॉनिटरच्या कडेला चिकटवलेले पासवर्डचे चिटोरे दर सोमवारी फाडून टाकणं. मंगळवारी ते परत येतात. माझ्या हुद्द्यात मात्र 'इन्फर्मेशन सिक्युरिटी' हे शब्द आहेत आणि व्हिजिटिंग कार्डावर ते माझ्या नावापेक्षा मोठे छापलेले आहेत.

याच कारखान्यात शेजारच्या टेबलावर सहा वर्षं तो बसत असे. सटाण्याकडचा, माझ्याच वयाचा. आईशी फोनवर अहिराणीत बोलायचा आणि अडलेल्या प्रोग्रॅमलाही त्याच भाषेत शिव्या द्यायचा. आम्ही एकाच डब्यातून जेवायचो. म्हणजे त्याच्या; माझ्या डब्यात वाटून घेण्यासारखं फारसं काही नसायचं.

कारखान्यातला प्रत्येक प्रोग्रॅम आपण काय काय केलं याची नोंद स्वतःच लिहीत असतो. ही लॉग फाइल म्हणजे त्याची रोजनिशी. ज्यांनी प्रोग्रॅम लिहिला त्यांच्या आळसामुळे कधीकधी या रोजनिशीत लोकांचे पासवर्डही जसेच्या तसे उतरतात, आणि फाइल तर कुणीही उघडतो. मी एकदा चाळीस ओळींचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो या फाइली चाळायचा आणि पासवर्ड दिसला की त्यावर फुल्या मारायचा. माझ्या या मित्राला तो फार आवडला.

"हे बाहेर काढू या आपण," तो गेटसमोरच्या टपरीवर म्हणाला. "दोघं मिळून. फुकट टाकू नेटवर. लोक वापरतील."

"कोण वापरणार? चाळीस ओळी आहेत. उद्या तू पेनाच्या टोपणावर पण पेटंट घेशील."

"मग मी एकटा करू?"

"कर की. माझं काय जातंय?"

काय जातंय ते कळायला मला चार वर्षं लागली.

त्याने नोकरी सोडली, पासवर्ड झाकणारं तसंच एक टूल नेटवर टाकलं, आणि लोकांनी ते खरंच वापरलं. आता गंगापूर रोडला त्याचं ऑफिस आहे, त्यात बारा माणसं आहेत आणि एक असं कॉफी मशीन आहे जे चालवायला तेरावा माणूस लागेल. परदेशातल्या परिषदेत तो बोलून आला. तिथला गळ्यात अडकवायचा बिल्ला त्याने गाडीच्या आरशाला टांगला. मी एकदा त्याच्या गाडीत बसलो होतो, तेव्हा सिग्नलला तो बिल्ला फिरून माझ्याकडेच तोंड करून थांबला.

टूल आवडलं की लोक त्याच्या पानावर एक चांदणी देतात. सकाळी पेपर येण्याआधी त्या चांदण्या किती झाल्या ते मी पाहायचो. कमी झाल्या असतील तर पाहावं, असा माझा साधा हेतू. चांदण्या कमी होत नसतात. हे आकाशातही खरं आहे, पण तिथे निदान आपला मित्र नसतो.

बायकोने एकदा विचारलं, "अहो, एवढं जळायचं होतं तर तेव्हा हो का नाही म्हणालात?"

"मी जळत नाहीये. मी लक्ष ठेवून आहे. माझं कामच आहे ते."

"बरं. चहा जळतोय, त्याच्यावर पण ठेवा."

एका शनिवारी एका इंजिनिअरिंग कॉलेजात त्याचा सत्कार ठरला. आमंत्रण मलाही आलं. त्यात त्याला 'नाशिकचे सायबर सेनापती' म्हटलं होतं. आदल्या रविवारी मी ते तीनदा वाचलं, मग लॅपटॉप उघडून त्याच्या टूलचा कोड वाचायला बसलो. खरं सांगतो, मी चोरी शोधत होतो. माझ्या चाळीस ओळींपैकी दहा जरी सापडल्या असत्या तरी माझा जन्म सुखात गेला असता. एकही सापडली नाही. त्याने सगळं नव्याने लिहिलं होतं, आणि वाईट म्हणजे फार चांगलं लिहिलं होतं. माझ्या प्रोग्रॅममध्ये ज्या जागी मी 'हे नंतर बघू' अशी टीप टाकली होती, त्या जागी त्याने ते बघितलं होतं.

चोरी नाही तर निदान चूक तरी सापडावी म्हणून मी आमच्या कारखान्याच्या जुन्या लॉग फाइली त्या टूलला खायला घातल्या. टूल एका ओळीवर अडकलं. आमच्याकडच्या एका ऑपरेटरचं नाव मशीनवर मराठीत टाकलेलं आहे, आणि आमचं जुनाट सॉफ्टवेअर ओळ लांबली की ती कुठेही तोडतं. इथे ती एका जोडाक्षराच्या मधोमध तुटली होती. अर्धं अक्षर काही टूलला वाचता येईना. थांबताना त्याने 'इथे अडलो' असा अहवाल एका फाइलीत लिहिला, आणि पुरावा म्हणून ती अख्खी ओळ त्यात उतरवली. पासवर्डसकट. ती फाइलही कुणालाही उघडता येईल अशा जागी ठेवली.

पासवर्ड लपवणारं टूल पासवर्डची जाहिरात करत होतं. आणि तेही मराठी अक्षरावर अडखळून! ज्याने सहा वर्षं त्याच मशीनसमोर बसून डबा खाल्ला, त्याने सगळी तपासणी इंग्रजी नावांवर केली होती. मी उठून घरात दोन फेऱ्या मारल्या. इतका आनंद मला पगारवाढीनेही झालेला नाही. अर्थात तुलना करण्याइतक्या पगारवाढी झालेल्या नाहीत.

आमच्या धंद्यात याचा एक रिवाज आहे. कुणाच्या टूलमध्ये भोक सापडलं की आधी त्याला गुपचूप कळवायचं, त्याला दुरुस्त करू द्यायचं, मग जगाला सांगायचं. त्याच्या टूलच्या पानावर त्यासाठी पत्ता दिलेला होता. मी मेल लिहिला. पाठवला नाही. शनिवारी प्रश्नोत्तरं होतीच. शाल त्याच्या खांद्यावर असताना, अत्यंत नम्रपणे, एका जुन्या सहकाऱ्याच्या कुतूहलाने मी विचारणार होतो. आठवडाभर मी तो प्रश्न घासत होतो. बुधवारपर्यंत त्यात 'केवळ शंका म्हणून विचारतो' हे शब्दही बसले.

सोमवारी सकाळी मात्र मी एक काम केलं. आमच्या कारखान्यात ते टूल चालू होतं, ते बंद केलं.

शनिवारी सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत त्याची आई बसली होती. मला पाहून तिने शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली. "तू बी उना भाऊ? बरं व्हयनं," म्हणाली; मी आलो याचं तिला बरं वाटलं होतं. मी त्या खुर्चीत बसलो. दुसऱ्या रांगेतून प्रश्न विचारणं सोपं गेलं असतं.

मग शाल, नारळ, आणि फायबरचं हातभर मोठं कुलूप, ज्याला किल्ली नव्हती. प्राचार्यांनी युद्ध, ढाल, तलवार, गड आणि बुरूज या क्रमाने त्याची ओळख करून दिली. शेवटी म्हणाले, "आणि सांगायला अभिमान वाटतो, की आपल्या महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाचा सर्व्हरदेखील याच टूलच्या संरक्षणाखाली आहे!" टाळ्या झाल्या. पोरांनी जरा जास्तच वाजवल्या.

तो साधं बोलला. पोरांनी पॅकेज विचारलं, कोणता कोर्स करावा ते विचारलं, एकाने हॅकर व्हायला गणित लागतं का विचारलं. मी हात वर केला. माइक आला.

माइक हातात घेऊन मी सहज मागे वळून पाहिलं. दोनशे पोरं, सगळी 'एथिकल हॅकिंग'ची, प्रत्येकाच्या मांडीवर लॅपटॉप. मी प्रश्न विचारला असता तर तो पुरा व्हायच्या आत त्यातल्या निम्म्यांनी त्या सर्व्हरवर कुठेतरी एक तुटकं जोडाक्षर टाइप केलं असतं, आणि चहापर्यंत परीक्षा विभागाचे पासवर्ड कॅन्टीनमध्ये फिरले असते. मी आठवडाभर फक्त त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणला होता. ते टूल वापरणारी माणसं माझ्या चित्रात कुठे नव्हतीच.

"सर, प्रश्न?" निवेदिका म्हणाली.

"हे टूल," मी म्हणालो, "मराठीत कधी येणार?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. त्याने मात्र जरा वेळ माझ्याकडे बघितलं. मी असले प्रश्न विचारत नाही हे त्याला ठाऊक होतं.

पार्किंगमध्ये गाडीत बसूनच मी तो मेल पाठवला, घासलेली वाक्यं काढून. वीस मिनिटांत त्याचं उत्तर आलं: 'बरोबर आहे. बसतोच.' सत्काराच्या जेवणाला तो थांबलाच नाही, असं नंतर कळलं. रविवारी दुपारी दुरुस्ती तयार झाली आणि त्याने मला एक छोटा फॉर्म पाठवला. अशी दुरुस्ती जाहीर करताना एक कोष्टक छापतात: कुणाला सापडलं, कधी सापडलं, कधी कळवलं, कधी दुरुस्त झालं. नाव भरायला मला दोन सेकंद लागले. 'सापडल्याची तारीख' या चौकोनापाशी मी अर्धा तास बसून होतो. शनिवार लिहिला असता तर कुणालाही कळणार नव्हतं. मी आधीचा रविवार लिहिला. हे प्रामाणिकपणाने केलं की थकव्याने, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही.

थोड्या वेळाने त्याचा फोन आला.

"ती तारीख चुकली ना रे? मागचा रविवार पडलाय."

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो मला वाट काढून देत होता, आणि ती वाट रुंद होती.

"नाही चुकली."

"म्हणजे सहा दिवस?"

"हो."

"सत्कारासाठी थांबलास?"

"हो."

पलीकडे त्या कॉफी मशीनची घरघर ऐकू येत होती.

"कळलं," तो म्हणाला. "मला तिथे उभं करायचं होतं तुला. ते ठीक आहे. मी तुला ओळखतो." मग म्हणाला, "तुमच्याकडे चालू होतं ना टूल? तिथे कधी बंद केलंस?"

या प्रश्नाची मी तयारी केलेली नव्हती.

"सोमवारी."

"सकाळी?"

"सकाळी."

जिथे जिथे ते टूल चालू होतं, तिथल्या कुणालाच त्या सोमवारी सकाळी काही माहीत नव्हतं. माहीत होतं फक्त मला, आणि मी माझं दार लावून घेतलं होतं.

"तारीख तीच ठेवू?" त्याने विचारलं.

"ठेव."

"बरं." फोन बंद झाला. नेहमीसारखं 'चल, भेटू' तो म्हणाला नाही.

मंगळवारी ते कोष्टक जाहीर झालं. आमच्या धंद्यात माझं नाव पहिल्यांदाच कुठेतरी छापून आलं. त्याच्या खाली रविवार आणि शनिवार, एकाखाली एक. मधले दिवस मोजायला कुणालाही बोटं पुरतील.

बायकोने विचारलं, "काय म्हणाला तो?"

"तारीख विचारत होता," मी म्हणालो.

"कसली?"

मी तिला पहिल्यापासून सांगायला बसलो.