निंबाखालची आठवी खाट

पवनीच्या घाटाजवळ गोदावरीबाईचं तीन खोल्यांचं घर होतं. वैनगंगेत अस्थी सोडायला लांबून येणारे लोक तिथं एक-दोन रात्री उतरत. विधवा बाई त्या भाड्यावरच जगायची. जीभ तिखट, वरण गोड; शेजारी असल्यानं मी दोन्ही भरपूर चाखलं आहे.

आमच्याकडे अस्थी घरात नेत नाहीत. पुरचुंडी अंगणातल्या निंबाला टांगायची. गोदावरीबाई तिच्याखाली खाट टाकायची, वर गोधडी, उशाशी पाण्याचा गडवा. गेलेल्यालाही मुक्काम नको का?

अठ्ठ्याहत्तर साली नगरपालिकेचा नवा नियम आला. वाटसरू उतरवायचे तर परवाना घ्या, खाटेमागे रोजचा कर भरा, वहीत नाव लिहा. आला कधी, गेला कधी, आणि जाताना पाहुण्याची सही नाहीतर अंगठा. कारकून भय्याजी खाटा मोजायला आले. खोल्यांत सात भरल्या. निंबाखालची आठवी.

"तिच्यावर जिता माणूस नाही निजत जी," बाई म्हणाली.

"खाट हाये, गोधडी हाये. नाव लिहा. कर जित्याचा का मेल्याचा, नियमात नाही."

भय्याजींनी थट्टा केली होती. बाईनं ती खरी धरली. दुसरीपर्यंत शिकलेली ती, मेलेल्यांचीही नावं लिहू लागली. त्यांच्यासाठी अंगठा घरचं कोणीतरी द्यायचं.

फाल्गुनात चिखल्याच्या मँगनीज खाणीतला मुरारी आला. म्हणजे पुरचुंडीतून, तापानं गेलेला. भावानं, सुखरामनं, अस्थी सोडल्या आणि गाडी सुटेल म्हणून घाटावरूनच पळाला. मुरारीच्या नावापुढं अंगठा राहून गेला.

दुसऱ्या दिवशी निंबाखालच्या खाटेला मधोमध खोल झोळ पडलेला. गडवा रिकामा. बाईनं दोरी ताणून खाट भिंतीला उभी केली. भात उतरवून भर दुपारी बाहेर येते तर खाट पुन्हा निंबाखाली. तिनं हाक मारली म्हणून मी गेलो. गोधडीवर काळी भुकटी होती, मँगनीजची. पवनीत तसली माती शोधून सापडायची नाही.

आठव्या दिवशी भय्याजींनी वही तपासली. "मुरारी अजून मुक्कामी दिसते! कर चालू. एकतीस मार्चपर्यंत अंगठा नाही आला, तर परवाना बंद, घराले कुलूप."

"त्याचा अंगठा कुठून आणू जी? गंगेत गेला तो. भावाचा पत्ताबी नाही."

"मले काहून विचारता? पाहुणा तुमचा." वही घेऊन ते गेले, कचेरीच्या कपाटात ठेवली आणि किल्ली करदोट्याला बांधली.

बाई खाटेपाशी येऊन बसली. मी कुंपणाआडून ऐकत होतो, सवयच आहे.

"मुरारीभाऊ, राहा, पाणी प्या, मी काही बोलली का? पण तुमच्या एका अंगठ्यापायी माझं घर बंद होऊन राहिलं. कचेरी बाजारात हाये. निळं दार."

मला हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात खाट करकरली, माणूस उठताना करकरते तशी. आणि झोळ हळूहळू वर आला.

एकतीस तारखेला मी मुद्दाम बाईसोबत गेलो. फुकटचा तमाशा कोण सोडतो? भय्याजींनी कुलूप काढलं, वही काढली, पान उलटलं. कोऱ्या जागी अंगठा होता. काळा, ओला दिसणारा. त्यांनी रुमालानं पुसून पाहिला. रुमाल पांढराच राहिला, ठसा तसाच.

परवान्यावर शिक्का मारून त्यांनी वही घाईनं मिटली. "बाई, त्या खाटेचा कर राहू द्या."

"काहून? राहिला तेवढ्या दिवसांचा घ्या जी. बाकी राहिली म्हणून परत आला, तर मी त्याले तुमच्याच घरी धाडीन."

भय्याजींनी पावतीपुस्तक पुढं ओढलं.

"नाव मुरारीचं लिहा," बाई म्हणाली.

घरी येऊन तिनं पावती खाटेवर ठेवली, वर भरलेला गडवा ठेवला. सकाळी मी चहाच्या निमित्तानं डोकावलो. दोरी ताठ होती. गडवा काठोकाठ भरलेला, जागचा हललाही नव्हता. खालची पावती तेवढी नव्हती.